लेनी रोब्रेदो यांच्याकडून मुंबईच्या नगरसेविकांनी काय घ्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई महापालिकेत जवळजवळ चार वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर जानेवारी २०२६मध्ये निवडणूक झाली. २२७ पैकी ११४ जागा महिलांसाठी राखीव असल्याने सभागृहात आज किमान निम्म्या तरी नगरसेविका आहेत. निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना एक गोष्ट कळून चुकते. लोक दारात येतात ते पाणी, गटार, कचरा आणि दवाखान्याची तक्रार घेऊन, आणि यातले काहीही करवून घेणारी सही त्यांच्या हातात नसते. १८८८च्या महापालिका कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे दिलेले आहेत. ते महापौरांकडेसुद्धा नाहीत. नगरसेविकेने पत्र द्यायचे, वॉर्ड ऑफिसला खेपा घालायच्या, सभागृहात मुद्दा मांडायचा आणि नगरसेवक निधी मिळाला तर गल्लीत लाद्या बसवायच्या. पाच वर्षांनी सोडतीत प्रभागाचे आरक्षण बदलले की तेही थांबते.

अधिकार नसलेल्या पदावरून काम कसे करायचे, याचे गेल्या दहा वर्षांतले आशियातले सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे फिलिपिन्सच्या माजी उपराष्ट्राध्यक्ष लेनी रोब्रेदो. आपल्या मराठी वृत्तपत्रांत त्या देशाविषयी येते ते इमेल्डा मार्कोस यांचे बूट, कोराझोन अकिनो यांची १९८६ची लोकक्रांती आणि माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांची अमली पदार्थांविरुद्धची मोहीम एवढेच. रोब्रेदो यांचे नाव २०२२मध्ये ‘पराभूत उमेदवार’ म्हणून एखाद-दुसऱ्या चौकटीत येऊन गेले. त्यांच्या कामाची पद्धत मात्र कोणी सांगितली नाही. ती सांगण्यासाठी हे पत्र आहे. थोडे लांबेल, पण तपशिलाशिवाय त्याचा उपयोग नाही.

रोब्रेदो मूळच्या नागा शहराच्या. हे शहर बिकोल प्रदेशात, मनिलापासून रात्रभराच्या बसप्रवासावर आहे. जन्म १९६५चा. फिलिपिन्स विद्यापीठातून अर्थशास्त्र, मग नागातच कायद्याची पदवी. वकिलीची परीक्षा पहिल्या खेपेला हुकली, १९९७ साली उत्तीर्ण झाल्या. पुढे सरकारी वकील कार्यालयात आणि ‘सालिगान’ या संस्थेत काम केले. ही संस्था शेतकरी, मच्छीमार, कामगार आणि स्त्रिया यांना कायद्याची मदत देते. नुसता खटला चालवून देत नाही, तर गावातल्याच माणसांना अर्ज, जबानी आणि तक्रार कशी लिहायची याचे शिक्षण देते. रोब्रेदो यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणावर या कामाचा ठसा आहे. त्या लोकांना मदत वाटण्याआधी लोकांची यादी, कागद आणि ठराव तयार करवून घेतात.

त्यांचे पती जेसी रोब्रेदो हे १९८८पासून, मधली तीन वर्षे वगळता, २०१०पर्यंत नागाचे महापौर होते. विनोबा, बाबा आमटे, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्यामुळे मॅगसेसे पुरस्कार आपल्याला ठाऊक आहे. तोच पुरस्कार जेसी यांना २००० साली शहराच्या कारभारासाठी मिळाला. १८ ऑगस्ट २०१२ रोजी, देशाचे गृहमंत्री असताना, विमान अपघातात त्यांचे निधन झाले. नऊ महिन्यांनी, मे २०१३मध्ये, लेनी कामारिनेस सुर प्रांताच्या तिसऱ्या मतदारसंघातून संसदेवर निवडून आल्या. पतीच्या निधनानंतरची सहानुभूती होती, हे नाकारायचे कारण नाही. पण समोर नेली विल्याफुएर्ते होत्या, आणि विल्याफुएर्ते घराण्याने त्या प्रांतावर दशकानुदशके सत्ता गाजवली होती. नुसत्या सहानुभूतीवर तिथे जिंकता येत नाही.

खासदारकीच्या तीन वर्षांत त्यांनी हाती घेतलेले विषय पाहा. उद्योगांना दिल्या जाणाऱ्या करसवलतींचा हिशेब जाहीर करायला लावणारा कायदा, प्रजासत्ताक कायदा क्रमांक १०७०८, डिसेंबर २०१५मध्ये झाला. त्याच्या लेखकांत त्या होत्या. सवलत घेणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत उद्योगाने ती किती घेतली याचे विवरण दरवर्षी द्यायचे आणि सरकारने त्याची बेरीज अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत दाखवायची, असे हा कायदा सांगतो. दुसरा विषय घराणेशाहीविरोधी विधेयकाचा. फिलिपिन्सच्या १९८७च्या राज्यघटनेत राजकीय घराण्यांना मनाई आहे, पण ‘कायद्याने व्याख्या करावी त्याप्रमाणे’ अशी. ती व्याख्या करणारा सर्वसाधारण कायदा संसदेने केलाच नाही, कारण संसदेत बसलेले बहुतेक जण घराण्यांतलेच. तिसरा विषय लोकपरिषदांचा. तो माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, त्याकडे शेवटी येतो.

२०१६ची उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नीट समजून घेण्यासारखी आहे. फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांना मतदार वेगवेगळे मत देतात, त्यामुळे दोघे परस्परविरोधी पक्षांचे असू शकतात. दुसरी फेरी नसते. ज्याला एक मत जास्त, तो जिंकला. सुरुवातीच्या जनमत चाचण्यांत रोब्रेदो यांची टक्केवारी एका आकड्यात होती. सहा उमेदवारांत शेवटी त्यांना १,४४,१८,८१७ मते मिळाली आणि हुकूमशहा मार्कोस यांचे पुत्र बाँगबाँग मार्कोस यांना १,४१,५५,३४४. फरक २,६३,४७३ मतांचा. राष्ट्राध्यक्ष झाले दुतेर्ते.

आता त्या पदाचे स्वरूप बघू. आपले उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती तरी असतात. फिलिपिन्सच्या उपराष्ट्राध्यक्षांना सिनेटचे कामकाजही चालवायचे नसते. राष्ट्राध्यक्षांचे पद रिकामे झाले तर ते भरायचे, आणि राष्ट्राध्यक्षांनी दिले तर एखादे मंत्रिपद सांभाळायचे, एवढेच. दुतेर्ते यांनी त्यांना गृहनिर्माण समन्वय परिषदेचे अध्यक्षपद दिले. डिसेंबर २०१६मध्ये, यापुढे मंत्रिमंडळाच्या बैठकींना येऊ नये, असा निरोप त्यांना मोबाइलवरच्या संदेशाने पाठवण्यात आला. त्यांनी राजीनामा दिला. साडेपाच वर्षे शिल्लक, हातात खाते नाही, गुप्त निधी नाही, आणि राष्ट्राध्यक्ष उघड विरोधात.

तोपर्यंत त्यांनी ‘आंगात बुहाय’ हा कार्यक्रम सुरू केलेला होता. जगणे उंचावणे, असा त्या नावाचा अर्थ. विषय सहा धरले : अन्न आणि पोषण, आरोग्य, शाळा, ग्रामीण विकास, घरे, आणि स्त्रियांचे सक्षमीकरण. यात उपराष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने दाता होण्याऐवजी जोडणी करणारा व्हायचे ठरवले. दुर्गम गावाची निवड करायची, तिथल्या नगरपालिकेसोबत बसून गरज लिहून काढायची, ती गरज पुरी करू शकणारी कंपनी किंवा संस्था शोधायची, तिघांमध्ये करार करायचा, आणि काम झाले की नाही हे परत जाऊन पाहायचे. मुली शाळा का सोडतात, तर शाळा रोज चालत जाण्यापलीकडे आहे म्हणून. मग तिथे वसतिगृह. २०१७च्या मारावी शहरातल्या लढाईनंतर विस्थापित कुटुंबांसाठी तात्पुरत्या घरांची वसाहत. स्वतःच्या तुटपुंज्या तरतुदीतून हे होणे शक्यच नव्हते.

अशा कामात एक धोका कायम असतो : दात्याला हवे ते गावाला मिळते, गावाला हवे ते नाही. कंपन्यांना संगणक द्यायला आवडते, कारण फोटो चांगला येतो. गावाला विजेची जोडणी हवी असते. म्हणून गरजेची यादी आधी आणि दाता नंतर, हा क्रम महत्त्वाचा. मुंबईत सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, पैशातून शाळांना आणि दवाखान्यांना मिळणाऱ्या वस्तूंपैकी किती वस्तू न उघडलेल्या खोक्यांत राहतात, हे पाहणाऱ्यांना हा क्रम किती मोलाचा आहे ते लगेच कळेल. आणि दुसरी गोष्ट हिशेबाची. फिलिपिन्सच्या लेखापरीक्षण आयोगाने रोब्रेदो यांच्या कार्यालयाला २०१८पासून सलग काही वर्षे निर्वेध शेरा दिला, म्हणजे हिशेबावर एकही हरकत न राखता. विरोधातल्या पदाधिकाऱ्याला हे कवच लागतेच. सत्ताधाऱ्यांना एखादी पावती न सापडणे परवडते, विरोधकाला नाही.

मतमोजणीच्या वादाबद्दल विस्ताराने लिहितो, कारण ईव्हीएम आणि व्हीव्हीपॅट यांवर आपल्याकडे दर निवडणुकीनंतर नुसता कोलाहल होतो, तपशील कोणी बोलत नाही. फिलिपिन्समध्ये मतदार कागदी मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढचा लंबगोल काळा करतो. यंत्र ती पत्रिका वाचते, मोजते आणि तिची प्रतिमा साठवते. मूळ कागद पेटीत राहतो. मार्कोस यांनी जून २०१६अखेर निकालाला आव्हान दिले. हा दावा सर्वोच्च न्यायालय स्वतः निवडणूक न्यायाधिकरण म्हणून ऐकते. नियम असा, की तक्रारदाराने आपली बाजू सर्वांत चांगली सिद्ध होईल असे जास्तीत जास्त तीन प्रांत स्वतः निवडायचे. तिथे फेरमोजणी करायची आणि भरीव फरक दिसला तरच बाकीच्या ठिकाणी जायचे. त्यासाठी तक्रारदाराने अनामत भरायची. मार्कोस यांना ती सुमारे सहा कोटी साठ लाख पेसो पडली. त्यांनी कामारिनेस सुर, इलोइलो आणि नेग्रोस ओरिएंताल हे प्रांत निवडले. एप्रिल २०१८मध्ये मोजणी सुरू झाली.

पहिल्या दिवसापासून अडचणी. काही पेट्यांतल्या मतपत्रिका ओल्या झालेल्या निघाल्या, तिथे यंत्राने साठवलेल्या प्रतिमांचा आधार घ्यावा लागला. त्याहून मोठा घोळ लंबगोलाचा. निवडणूक आयोगाच्या यंत्राने पंचवीस टक्के भरलेला लंबगोलही मत म्हणून धरला होता. न्यायाधिकरणाच्या २०१०च्या नियमांत मात्र पन्नास टक्क्यांची अट होती. म्हणजे मतदानाच्या दिवशी यंत्राने वैध धरलेले मत दोन वर्षांनी माणूस अवैध ठरवत होता. वयस्क मतदार, कापऱ्या हाताचे मतदार, कधी पेन न धरलेले मतदार यांची मते त्यात जात होती. रोब्रेदो यांच्या वकिलांनी हरकत घेतली आणि सप्टेंबर २०१८मध्ये न्यायाधिकरणाने पन्नास टक्क्यांचा हट्ट सोडला. २०१९मध्ये तीन प्रांतांचा निकाल जाहीर झाला, तेव्हा रोब्रेदो यांची आघाडी घटण्याऐवजी वाढून २,७८,५६६ झाली होती. अंतिम निर्णय १६ फेब्रुवारी २०२१ रोजी, एकमताने, दावा फेटाळण्याचा. सहा वर्षांच्या मुदतीपैकी साडेचार वर्षांहून अधिक काळ त्यांच्या पदावर प्रश्नचिन्ह लटकत राहिले.

यातून आपण घेण्यासारखे बरेच आहे. मूळ कागद जपला होता म्हणून वाद मिटू शकला. वैध मताची व्याख्या मोजणीच्या वेळी एक आणि फेरमोजणीच्या वेळी दुसरी असेल तर यंत्र निर्दोष असूनही निकालावरचा विश्वास जातो. आणि निर्णयाला मुदत नसेल तर दावा हरणारासुद्धा राजकीय लाभ घेऊन जातो. मार्कोस यांनी त्या पाच वर्षांत ‘माझी निवडणूक चोरली’ हे समाजमाध्यमांवरून लाखो लोकांच्या गळी उतरवले. त्याची किंमत रोब्रेदो यांनी पुढे मोजली.

नोव्हेंबर २०१९मध्ये दुतेर्ते यांनी त्यांना अमली पदार्थविरोधी समितीचे सहअध्यक्षपद देऊ केले. स्वीकारू नका, हा सापळा आहे, असे अनेकांनी सांगितले. त्यांनी स्वीकारले आणि तीन आठवड्यांच्या आत त्यांना काढण्यात आले. तेवढ्या काळात त्यांनी यंत्रणांकडून आकडे मागितले. देशात व्यसनी किती, यावर कोणत्याही दोन विभागांचे एकमत नव्हते : एका सर्वेक्षणाप्रमाणे अठरा लाख, राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांत त्याच्या दुप्पट आणि त्याहूनही जास्त. जानेवारी २०२०मध्ये त्यांनी अहवाल जाहीर केला. पोलिसांच्याच अंदाजाने देशात आठवड्याला तीन हजार किलो ‘शाबू’, म्हणजे मेथॅम्फेटामिन, खपत होते. पकडला गेलेला साठा त्या हिशेबात एक टक्काही भरत नव्हता. हजारो माणसे मारली गेलेल्या मोहिमेचे हे फलित. सरकारचेच दोन आकडे शेजारी ठेवले. पाणीगळती असो की नालेसफाईचा गाळ, आपल्याकडे कुणी नगरसेविकेने वॉर्ड ऑफिसचेच दोन आकडे असे शेजारी ठेवले, तर त्याला उत्तर द्यावेच लागते.

मार्च २०२०मध्ये लुझॉन बेटावर टाळेबंदी लागली आणि सार्वजनिक वाहतूक थांबली. परिचारिका रुग्णालयात पोहोचणार कशा? मुंबईत लोकल बंद झाल्यावर बेस्टने अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी गाड्या सोडल्या, कारण आपल्याकडे बेस्ट आहे. रोब्रेदो यांच्या कार्यालयाकडे एकही बस नव्हती. त्यांनी भाड्याच्या आणि देणगीतून आलेल्या गाड्यांचे ठरावीक मार्ग आखून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मोफत फेऱ्या सुरू केल्या, राहायला वसतिगृहे मिळवली, संरक्षक पोशाख देशातच शिवून घेतले. ऑनलाइन वर्गांसाठी मोबाइल नसलेल्या मुलांसाठी अभ्यासकेंद्रे उघडली.

एप्रिल २०२१च्या कोविड लाटेत सुरू केलेली ‘बायानिहान ई-कोन्सुल्ता’ ही दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची सेवा मला सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते. रुग्णाने फेसबुकवरून संदेश पाठवायचा. उत्तरात एक अर्ज येतो : नाव, वय, पत्ता, लक्षणे, कधीपासून. डॉक्टर नसलेले स्वयंसेवक हे अर्ज वाचून तातडीप्रमाणे वेगळे करतात आणि फोन करून खातरजमा करतात. मग स्वयंसेवक डॉक्टर फोनवर तपासतो. घरी थांबण्यासारखे असेल तर थर्मामीटर, ऑक्सिमीटर आणि औषधांचे खोके घरी जाते. नसेल तर रुग्णालयातल्या खाटेसाठी समन्वय केला जातो. डॉक्टरांचा वेळ सर्वांत दुर्मिळ, म्हणून डॉक्टरांपर्यंत जाण्याआधीचे सगळे काम इतरांनी करायचे, ही त्यातली मेख. कोविडकाळात आपल्या २४ वॉर्ड वॉररूमनी खाटावाटपाचे उत्तम काम केले. पण महापालिकेचे कर्मचारी मूळ कामावर परतल्यावर ती घडी मोडली. रोब्रेदो यांच्याकडे कर्मचारी नव्हतेच, म्हणून त्यांना पहिल्यापासून नागरिकांवर उभारणी करावी लागली, आणि ती साखळी पुढे निवडणुकीत आणि संस्थेतही टिकली.

आता २०२२. त्यांनी उमेदवारी जाहीर केली ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, अर्ज भरण्याच्या मुदतीच्या आदल्या दिवशी. लिबरल पक्षाच्या अध्यक्ष असूनही अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि पक्षाच्या पिवळ्याऐवजी गुलाबी रंग घेतला. सोबत उपराष्ट्राध्यक्षपदासाठी किको पांगिलिनान. समोर मार्कोस आणि राष्ट्राध्यक्षांच्या कन्या सारा दुतेर्ते यांची जोडी : उत्तरेचा बालेकिल्ला आणि दक्षिणेचा बालेकिल्ला एकत्र.

गुलाबी प्रचार खरोखर लोकांनी चालवला. विरोधक त्यांना ‘लेनी लुगाव’ म्हणून हिणवत. लुगाव म्हणजे आले घातलेली तांदळाची पेज. २०१६च्या प्रचारात समर्थकांनी ती विकून पैसे उभे केले होते. समर्थकांनी ती टिंगल उलटवून ठिकठिकाणी पेजेच्या चुली लावल्या आणि गरजूंना वाटप केले. भित्तिचित्रे, गाणी, मोफत वकिली सल्ला, सगळे ज्याने त्याने आपल्या खर्चाने. २० मार्च २०२२ला पासिगमध्ये आणि २३ एप्रिलला, त्यांच्या वाढदिवशी, पासायमध्ये झालेल्या सभांना अफाट गर्दी लोटली.

तरीही पल्स एशिया या संस्थेच्या जनमत चाचण्या काय सांगत होत्या ते पाहा. फेब्रुवारीत मार्कोस ६० टक्के, रोब्रेदो १५. मार्चमध्ये ५६ आणि २४. एप्रिलमध्ये ५६ आणि २३. सर्वांत मोठ्या सभांच्या महिन्यात आकडा हललाच नाही. ९ मे रोजी मार्कोस यांना ३,१६,२९,७८३ मते पडली, रोब्रेदो यांना १,५०,३५,७७३.

का हरल्या? गर्दी होती ती आधीच पटलेल्यांची. न पटलेल्याच्या दारात स्वयंसेवक पोहोचले ते अखेरच्या टप्प्यात, आणि घरोघरीच्या प्रचारात एकदा जाऊन भागत नाही. पहिल्या भेटीत नाव-पत्ता आणि तक्रार ऐकायची, दुसऱ्या भेटीत तिचे उत्तर न्यायचे, तिसऱ्या भेटीत मत मागायचे, याला दोन-तीन महिने लागतात. बऱ्याच स्वयंसेवकांनी पहिल्याच भेटीत वाद घातला. ‘मार्कोसना मत म्हणजे अज्ञान’ असा सूर लागला की दार बंद होते. दुसरे कारण खोट्या मजकुराचे. विद्यापीठे आणि माध्यमांनी मिळून चालवलेल्या ‘त्सेक’ या तथ्यतपासणी उपक्रमाला रोब्रेदो याच अपप्रचाराचे सर्वांत मोठे लक्ष्य आढळल्या. कापून जोडलेल्या चित्रफिती सहा वर्षे टिकटॉक, यूट्यूब आणि फेसबुकवर फिरत होत्या. कामातून उत्तर मिळेल या विश्वासाने त्याकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. सहा वर्षांची खोटी माहिती सात महिन्यांत पुसली जात नाही. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत महागडी चूक.

पराभवानंतर त्यांनी निकाल मान्य केला आणि १ जुलै २०२२पासून ‘आंगात बुहाय’ स्वयंसेवी संस्था म्हणून सुरू केली. निवडणुकीच्या यादीतले स्वयंसेवक वादळ-पुराच्या मदतीला वळवले. ऑक्टोबर २०२४मध्ये वादळी पावसाने नागा बुडाले. मे २०२५मध्ये त्या नागाच्या महापौरपदाला उभ्या राहिल्या आणि प्रचंड फरकाने जिंकल्या. त्या शहराच्या पहिल्या महिला महापौर. देशाचे दुसऱ्या क्रमांकाचे पद भूषवलेल्या व्यक्तीने जेमतेम दोन लाखांच्या शहराचा कारभार हाती घेणे काहींना पायरी उतरणे वाटले. मला वाटत नाही. प्रथमच त्यांच्या हातात खरी सही आली. पहिलाच कार्यकारी आदेश भ्रष्टाचाराबाबत शून्य सहनशीलतेचा काढला.

आता त्या लोकपरिषदेकडे येतो. १९९५ साली नागाने एक अध्यादेश करून नागरी संघटनांना कारभारात हक्काची जागा दिली. शहरातल्या संस्थांनी नोंदणी करायची : रिक्षावाले, फेरीवाले, झोपडपट्टीतले रहिवासी, शेतकरी, महिला, तरुण, ज्येष्ठ, व्यापारी. या नोंदणीकृत संस्था मिळून लोकपरिषद बनवतात. परिषद आपले प्रतिनिधी स्वतः निवडते आणि ते नगरसभेच्या विषय समित्यांत बसतात, चर्चा करतात आणि समितीच्या पातळीवर मतही देतात. सभागृहातल्या अंतिम मतदानात त्यांना मत नाही. परिषद ठरावाचा मसुदा सुचवू शकते, कामांच्या मूल्यमापनात भाग घेते. रोब्रेदो यांनी खासदार असताना हीच रचना देशभरच्या स्थानिक संस्थांना लागू करणारे विधेयक मांडले होते. ते संमत झाले नाही.

मुंबईच्या कायद्यात याचे बीज आधीच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्रभाग समितीत नगरसेवकांखेरीज, त्या भागात समाजकार्य करणाऱ्या मान्यताप्राप्त स्वयंसेवी किंवा वस्ती संघटनांचे जास्तीत जास्त तीन सदस्य घेता येतात. पण त्यांना नामनिर्देशित करतात नगरसेवकच. इथेच सगळे फसते. पक्षांच्या वाटाघाटीत ही नावे ठरतात, आणि मग संस्थेच्या नावावर पक्षाचा कार्यकर्ता येतो किंवा जागा रिकामी राहते. नागात संस्था आपला माणूस पाठवतात, इथे नगरसेवक आपला माणूस संस्थेतून आणतात.

कायदा न बदलताही हे सुधारता येईल. प्रत्येक वॉर्ड ऑफिसने त्या भागातल्या नोंदणीकृत संस्था, एएलएम (रहिवाशांचे परिसर व्यवस्थापन गट), बचत गटांचे संघ, गृहनिर्माण संस्थांचे संघ आणि झोपडपट्टीतल्या वस्ती समित्या यांची यादी फलकावर आणि संकेतस्थळावर लावावी. हरकतींसाठी पंधरा दिवस द्यावेत. यादीतल्या संस्थांची एक बैठक वॉर्ड ऑफिसमध्येच बोलवावी आणि त्यांनी आपसांत मतदान करून तीन नावे सुचवावीत, त्यातली किमान दोन स्त्रियांची. नगरसेवकांनी तीच नावे ठरावाने नामनिर्देशित करावीत. पाच वर्षांची नेमणूक न करता एका वर्षाची करावी, म्हणजे वेगवेगळ्या वस्त्यांना पाळी मिळेल. पक्षपद असलेल्या व्यक्तीला घेऊ नये. समितीच्या बैठकीची विषयपत्रिका सात दिवस आधी आणि इतिवृत्त पंधरा दिवसांत मराठीतून जाहीर करावे.

अडचणी येतील. गृहनिर्माण संस्थांचे संघ बोलके असतात, त्यांच्यापुढे वस्ती समित्या दबतात; म्हणून तीनपैकी एक जागा झोपडपट्टीसाठी राखून ठेवावी. कंत्राटदारांनी काढलेल्या कागदी संस्था येतील. म्हणून तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागावेत. पण बचत गटांच्या संघाला ही अट एक वर्षाची करावी, नाहीतर गरीब बायकाच बाहेर राहतील.

नव्या नगरसेविकांपैकी कुणालाही आपल्या प्रभाग समितीच्या पुढच्या बैठकीत असा ठराव मांडता येईल. त्याला निधी लागत नाही आणि आयुक्तांची सहीसुद्धा लागत नाही. आपल्या दैनिकाने प्रत्येक प्रभाग समितीत संस्थांच्या तीन जागांवर आज कोण आहे, त्यांची निवड कशी झाली आणि गेल्या बैठकीला ते हजर होते का, एवढी माहिती वॉर्डवार छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई